कातडीचा रंग आणि तिळाचें रहस्य

लग्नाची बोलणीं सुरू झालीं कीं आपल्याकडे रंगाची चौकशी पहिल्यानें होते. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सांवळी अशा पायऱ्या आपण मोठ्या चोखंदळपणें पाडल्या आहेत. परंतु श्रोतेहो, सूक्ष्मदर्शकाखालीं निराळेंच दिसतें. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसाच्या कातडींत जितक्या असतात, जवळजवळ तितक्याच काळ्या माणसाच्या कातडींतहि असतात. फरक पडतो तो मालाचा व त्याच्या बांधणीचा.

या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य बनवितात, त्याच्या बारीक पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशींना वाटून टाकतात. काळ्या कातडींत या पुड्या मोठ्या व सुट्या असतात. गोऱ्या कातडींत लहान व पुंजक्यांनीं असतात. शेजारीण पेशी त्या पुड्या आपल्या केंद्राच्या माथ्यावर, नेमक्या सूर्याच्या बाजूस, छत्रीसारख्या धरते. केंद्रांत डी.एन.ए. हें द्रव्य असतें. पेशीच्या साऱ्या व्यवहाराची ती मूळ पोथी. अतिनील किरणांनीं त्या पोथीचीं अक्षरें बिघडूं नयेत एवढ्यासाठीं हा खटाटोप.

उन्हांत हिंडल्यावर कातडी काळवंडते, ती करपल्यामुळें नव्हे. पोथीला इजा झाली कीं पी-५३ नांवाचें प्रथिन जागें होतें. त्याच्या हुकमानें एक संदेशद्रव्य निघतें, मेलॅनोसाइटच्या दारावर थाप मारतें आणि आंत रंगाचा कारखाना जोरानें चालूं लागतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं २००७ सालीं ही सांखळी जुळवून दाखविली. तांबड्या केसांच्या, पांढऱ्याफटक युरोपीयांत या दाराची घडणच सदोष असते. थाप पडूनहि आंत ऐकूं येत नाहीं. काळ्याऐवजीं तांबूस रंगद्रव्य बनतें, आणि त्याचा छत्रीसारखा उपयोग फारसा होत नाहीं. ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या देशांत वसलेल्या गोऱ्या लोकांना मेलॅनोमा, म्हणजे या रंगपेशींचाच कर्करोग, फार छळतो, त्याचें कारण हें.

आतां तिळाकडे वळूं. २००२ सालीं इंग्लंडांतील सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना पुष्कळशा मेलॅनोमांत बी-रॅफ नांवाचें जनुक बिघडलेलें आढळलें. बिघाड बहुधा एकाच अक्षराचा: प्रथिनाच्या ६०० व्या जागीं व्हॅलिनऐवजीं ग्लुटॅमिक ॲसिड. एवढ्यानें वाढीची आज्ञा देणारें बटण दाबलेलेंच राहतें. चोर सांपडला, असें वाटलें. पण पुढच्याच वर्षीं कळलें कीं साध्या, निरुपद्रवी तिळांपैकीं बहुतेकांत हाच बिघाड असतो! मला तर या साऱ्या शोधांत हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. तीळ उगवतो तो पेशी बेफाम वाढूं लागल्यामुळें; परंतु पेशींतले दुसरे पहारेकरी तिला वेळींच आवरतात, आणि मग तो तीळ वर्षानुवर्षें गप्प बसतो. पहारेकरीहि निकामी झाले तरच कर्करोगाची भीति.

बिघडलेलें बटण सोडविणारें औषध अमेरिकेंत २०११ सालीं मान्य झालें. गांठी कांहीं आठवड्यांत विरघळूं लागल्या. मात्र पुष्कळांच्या त्या कांहीं महिन्यांनीं परत आल्या, कारण पेशींनीं आडवाट शोधली होती. शरीराच्या संरक्षक पेशींचा लगाम सैल करणारी दुसरी औषधें अधिक टिकाऊ ठरलीं. त्यांच्या मुळाशीं असलेल्या संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या सांवळ्या कातडीला हा रोग क्वचित् होतो, म्हणूनच तो ओळखूं येत नाहीं. आपल्याकडे तो पुष्कळदां तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं उद्भवतो. तेथें उन्हाचा हात फारसा नसतो. जमेकाचा विख्यात गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं तो १९७७ सालीं निघाला. आधीं ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ सालीं, ३६ व्या वर्षीं, तो वारला.

तळव्यावरचा डाग पसरूं लागला, त्याच्या कडा वेड्यावांकड्या झाल्या, त्यांत दोनतीन छटा दिसूं लागल्या, किंवा एकाच नखांत नवी काळी रेघ उमटून रुंद होत चालली, तर कुरूप समजून ती जागा कापीत वा मलमें लावीत बसूं नये. (अनेक नखांत जुन्या रेघा असणें सांवळ्या माणसांत सामान्य आहे, त्यानें घाबरूं नये.) त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून त्या जागेचा तुकडा तपासून घ्यावा. रोग वरच्या थरांतच असतांना सांपडला, तर तेवढा भाग कापून काढल्यानें बहुतेक रोगी बरे होतात.