एका तारेवर किती फोन?

अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांत एकाच लँडलाइनवर ओसरीत, माडीवर, दुकानात असे तीन-चार फोन जोडलेले दिसतात. घंटी वाजवायला एक्स्चेंजकडून साधारण ७५ व्होल्टची वीज येते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. फोन वाढले की घंटी मलूल होते, कधी वाजतच नाही. खरीखुरी घंटा असलेला जुना फोन सर्वांत जास्त वीज ओढतो.

आधी सगळे फोन काढा. एकच ठेवून स्वतःला फोन लावून बघा, मग एकेक जोडत जा. ज्याच्या जोडणीनंतर घंटी बिघडली तोच खराब, असं लगेच ठरवू नका. भार आधीच काठोकाठ असू शकतो. तो ठेवून दुसरा काढून पाहा. लाइन सतत व्यस्त लागत असेल, तर माडीवरचा रिसीव्हर तिरपा राहिला असेल.