छंदातून निर्मितीकडे (लेखांक ४) : फेलूदाचे दोन गुरू

गेल्या आठवड्यात आपण वाचनाचा नाद लेखनाकडे कसा वळतो, ते पाहिलं. आज सिनेमा आणि रहस्यकथा या दोन्ही वेडांनी घडलेल्या एका कलावंताकडे वळू : सत्यजित राय.

शेरलॉक होम्सच्या कथा आणि हॉलिवूडचे सिनेमे, दोन्हींची गोडी रायना शाळकरी वयातच लागली. पुढे कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी करताना त्या गोडीचा अभ्यास झाला. थिएटरच्या अंधारात ते वहीत नोंदी करायचे. एखाद्या कादंबरीवर सिनेमा निघणार असं कळलं, की आधी स्वतःच तिची पटकथा लिहायचे आणि सिनेमा लागला की ती पडद्यावरच्या मांडणीशी ताडून बघायचे. १९५० साली लंडनमध्ये त्यांनी ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. खऱ्या रस्त्यांवर, नवख्या माणसांना घेऊन सिनेमा करता येतो, ही खात्री तिथे पटली. १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला.

रहस्यकथेचं ऋण त्यांनी १९६५ मध्ये फेडायला घेतलं. आजोबांनी सुरू केलेल्या ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदा अवतरला. हा गुप्तहेर होम्सला गुरू मानतो आणि त्याच्या कथा वॉटसनसारखाच एक सोबती सांगतो : त्याचा चुलतभाऊ तोपशे.

या दोन वेडांची खरी गाठ पडते ती ‘सोनार केल्ला’मध्ये. पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवणारा छोटा मुकुल आणि त्याच्या मागावर असलेले भामटे, अशी ही गोष्ट. पुस्तकात (१९७१) खरा गुन्हेगार कोण, हे शेवटपर्यंत झाकलेलं आहे. १९७४ च्या सिनेमात मात्र रायनी भामटे सुरुवातीलाच उघडे केले. कारण पुस्तकाचा वाचक पानं मागे उलटून दुवे पुन्हा तपासू शकतो. पडद्यावर ती सोय नाही, आणि गुप्तहेर शेवटी लांबलचक उलगडा करत बसला की सिनेमा ढेपाळतो. म्हणून ‘कोण?’ हा प्रश्न बाजूला सारून त्यांनी ‘आता काय होणार?’ हा धाक पुढे आणला. तोतया डॉक्टरबरोबर मुकुल विश्वासाने चालतो. मुलाला काही ठाऊक नाही, आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि म्हणूनच जीव टांगणीला लागतो.

आपलीच गाजलेली कथा अशी मोडून नव्याने बांधायला धाडस लागतं. ते रायना वर्षानुवर्षांच्या त्या ताडून बघण्यातून मिळालं, असं मला मनापासून वाटतं. नुसतं पाहून आणि वाचून रसिकता वाढते. हात तयार होतो तो समोरची कलाकृती सुटी करून पाहिल्यावर.

अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठीतही आहे. या आठवड्यात त्याची एक कथा घ्या, शेवटच्या प्रकरणाआधी थांबा आणि उलगडा स्वतः लिहा. मग पुढचं वाचा. कोणता दुवा निसटला आणि तो लेखकाने कुठे ठेवला होता, ते शोधून काढा.

पुढील लेखांकात : बाबूराव अर्नाळकर आणि मराठी रहस्यकथेचा वाचक.