आधी परतीची गाडी, मग सहल!

बालदोस्तांनो, सुट्टी लागली की घरोघरी एकच भुणभुण सुरू होते. "बाबा, कुठंतरी जाऊ या ना!" आणि बाबांचं उत्तरही ठरलेलं असतं, "बघू." या 'बघू'चं 'चला' कसं करायचं, ते आज पाहू या.

समजा, तुम्ही चंद्रपुरात राहता किंवा सुट्टीत मावशीकडे चंद्रपूरला आला आहात. शहर मोठं आणि आजूबाजूला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगलाचे जिल्हे. 1982 सालापर्यंत तर हा एकच जिल्हा होता! ताडोबा, आनंदवन, भद्रावती, मार्कंडा, हेमलकसा... नावं ऐकूनच पाय शिवशिवतात. पण हाताशी दिवस एकच. सकाळी निघायचं आणि रात्री आपल्याच अंथरुणात झोपायचं. मग जायचं कुठं?

आमच्या शेजारी सहावीतली एक मुलगी राहते. तिचे बाबा वीज केंद्रात पाळीवर जातात. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. दोघांना एकाच दिवशी सुट्टी म्हणजे कपिलाषष्ठीचा योग! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो जुळून आला. तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं, "आम्ही वाघ बघायला चाललो!" संध्याकाळी बाबांनी कॅलेंडर पाहिलं. सुट्टी होती मंगळवारी. आणि मंगळवारी ताडोबाचं मुख्य जंगल बंद असतं!

झालं. डोळ्यांत पाणी.

"काहून गं, तोंड का पाडलंस?" बाबा म्हणाले. "वही आण. दोघं मिळून ठरवू."

त्या दिवशी वहीत चार प्रश्न लिहिले गेले. तुम्हीही लिहून घ्या, बरं का!

प्रश्न पहिला : त्या दिवशी ते ठिकाण उघडं आहे का?

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलंच. चंद्रपूरहून मोहर्ली फाटक जेमतेम 30 किलोमीटर. पण जवळ आहे म्हणून केव्हाही जाता येतं असं नाही. मंगळवारी सुट्टी, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर मुख्य जंगल बंद. शिवाय सफारीची जागा आधी राखून ठेवावी लागते. नुसतं जाऊन उभं राहिलात, तर वाघाऐवजी फाटक बघून परत यावं लागेल!

प्रश्न दुसरा : जाऊन-येऊन किती तास?

मुलीनं लगेच दुसरं नाव सांगितलं, हेमलकसा. भामरागडजवळच्या या गावात 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथं माडिया गोंड लोकांसाठी दवाखाना चालवला, शाळा काढली. अनाथ झालेल्या जंगली प्राण्यांनाही सांभाळलं. बघण्यासारखं खरंच, पण चंद्रपूरहून अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त आणि रस्ता जंगलातला. दिवसभर खिडकीतून झाडं मोजायची आणि पोचल्या पोचल्या परत फिरायचं? ती सहल मुक्कामाची. म्हणून एक सोपा नियम ठेवा : गाडीत बसायचे तास बघायच्या तासांपेक्षा जास्त व्हायला नकोत. आणि पहिल्या एस.टी.च्या आधी शेवटच्या एस.टी.ची वेळ विचारा!

प्रश्न तिसरा : ऊन किती?

आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा काय सांगावा! मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची प्राचीन दगडी देवळं आहेत. भिंतींवर इतकी शिल्पं, की लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. पण मे महिन्यात दुपारी तिथली फरशी अनवाणी पायांना तव्यासारखी लागते. मार्कंडा हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात कुठंही गेलात तरी पहाटे निघा आणि अकराच्या आत सावली गाठा. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन!

मग दिवाळीत मार्कंडा का नाही? त्याचं कारण चौथ्या प्रश्नात आहे.

प्रश्न चौथा : सोबतच्या मोठ्या माणसाला झेपेल का?

हा प्रश्न आपण सगळेच विसरतो. मुलीनं विचारलं, "बाबा, सोमवारी तुमची कोणती पाळी?" बाबा हळूच म्हणाले, "रातपाळी." म्हणजे मंगळवारी सकाळी ते रात्रभर जागून घरी येणार होते. तिनं स्वतःच्या हातानं मार्कंड्यावर काट मारली.

आता दोनच नावं उरली. एक वरोऱ्याचं आनंदवन, सुमारे 50 किलोमीटर. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1949 साली ओसाड जमिनीवर ते उभं केलं. समाजानं दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनी तिथं शेती फुलवली. तिथं जायचं तर आधी कळवून जा, निवांत वेळ ठेवा. ती काम करणाऱ्या माणसांची वस्ती आहे. टक लावून बघत फिरण्याची ती जागा नव्हे.

दुसरं नाव भद्रावती. अंतर सुमारे 26 किलोमीटर, नागपूर रस्त्यावरच. रेल्वेनं गेलात तर तिकीट 'भांदक'चं मागा, कारण स्टेशनाचं नाव तेच आहे. ठरलं, भद्रावती!

बाबांनी सकाळी दोन तास झोप काढली. आईनं तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. बापलेक विजासन लेण्यात पोचले. डोंगरात सरळ आत खोदलेलं हे लांबलचक बौद्ध लेणं. आत गारवा आणि काळोख. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि टोकाला बसलेली भली मोठी बुद्धमूर्ती हळूहळू दिसू लागली. मुलीनं बाबांचा हात घट्ट धरला. भीतीनं नाही बरं, आनंदानं!

पुढं जैन मंदिर झालं. मग डोलारा तलावावरचा जुना दगडी पूल. काठावर डबा खाल्ला आणि बाबा पिशवी उशाला घेऊन चक्क घोरायला लागले. तिनं त्यांना उठवलं नाही. पाऊण तास एकटीच पाण्यातले पक्षी मोजत बसली. दिवेलागणीला दोघं घरी!

आणि वाघ? परत येताना बाबा आपणहून म्हणाले, "पुढची सुट्टी मंगळवारी नको, असं साहेबांना आजच सांगतो. जागा तू राखून ठेव."

बघा, 'बघू'चं 'चला' झालं की नाही? तर मग काढा वही, आणि आई-बाबांना शेजारी बसवा. चौथा प्रश्न मात्र तुम्हीच आधी विचारा हं!