टांकसाळीची चूक आणि नंतरचा घाव
शिवराईवरील ‘छत्रपती’ या बिरुदाची निम्मी अक्षरे कडेबाहेर गेलेली पाहून हरखणाऱ्या नवशिक्या संग्राहकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, तांब्याच्या लहानशा चकतीवर तिच्याहून मोठा ठसा हातोड्याने उमटविण्याच्या पद्धतीत असे होणे हाच परिपाठ होता. खरी परीक्षा १८३५ नंतरच्या, कंपनी सरकारने यंत्रावर पाडलेल्या रुपयांची. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले आणि पुढील चकती त्याखाली दाबली गेली, तर तिच्या एका अंगास नेहमीची छाप व दुसऱ्या अंगास तीच छाप उलटी आणि खोलगट, परंतु तितकीच रेखीव उमटते. ही निःसंशय टांकसाळीची चूक. कोणी दोन नाणी एकमेकांवर ठेवून ऐरणीवर ठोकली, तर उलटी अक्षरे उमटतात खरी, पण घाव झेललेल्या अंगाची मूळ छाप चेपून जाते. ती लबाडी तेथेच उघडी पडते.

मोगली रुपयांवर सराफांनी कस पाहताना उठविलेल्या खुणांना बाजार खुशाल नुकसान म्हणो, मला तो व्यवहाराचा दस्तऐवजच वाटतो. माळेत ओवण्यासाठी जोडलेल्या कडीचा डाग मात्र केवळ डागच.