फूटपट्टीएवढे ‘सम्राट अशोक’

जालन्याच्या मुलांना विमान दिसते ते बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर. चिकलठाण्याचा विमानतळ जालना रोडला लागून असल्याने एस.टी.च्या खिडकीतून उतरणारे विमान क्षणभर दिसते आणि बस पुढे निघून जाते. एअर इंडियाचे जम्बो जेट मात्र आता कोणत्याच वाटेवर दिसणार नाही. त्यांचे शेवटचे बोइंग ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून उडाले, ते कायमचेच.

या ताफ्यातले पहिले विमान १९७१ मध्ये भारतात आले. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. १९६० पासून आलेल्या बोइंग ७०७ विमानांना हिमालयातील शिखरांची नावे होती. जम्बोंना सम्राटांची दिली गेली. ज्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आहे, त्याचेच नाव देशातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी विमानावर झळकले. आपल्या घरातल्या मुलामुलींनी सुट्टीत एखादे विमान तयार करायचे ठरवले, तर ते हेच का असू नये?

प्लॅस्टिकच्या तयार सुट्या भागांचे संच महाग असतात आणि आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. त्यावाचून अडत नाही. खऱ्या विमानाची लांबी ७०.६ मीटर, पंखांचा विस्तार ५९.६ मीटर, उंची सुमारे १९.३ मीटर. प्रत्येक माप २०० ने भागा. लांबी ३५.३ सेंटीमीटर येते, पंख २९.८ म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढे, उंची साडेनऊच्या थोडी वर. खरी मौज पुढे आहे. विमानाच्या धडाची रुंदी साडेसहा मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेबत्तीस मिलिमीटर. आणि ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत तिथे शोधावा लागत नाही. अंबड, घनसावंगीकडे शेतात पडलेला तुकडासुद्धा चालेल.

मधल्या भागासाठी सुमारे २० सेंटीमीटर पाइप घ्यावा. नाक आणि शेपटीकडचा निमुळता भाग ड्रॉइंग पेपरच्या शंकूवर पुट्टी चढवून करावा. पाइप विस्तवावर धरून निमुळता करण्याचा मोह मात्र टाळावा. पीव्हीसी जळू लागले की विषारी धूर निघतो. पुढच्या भागावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो, तो एम-सीलने उभारायचा. इथे फोटो नीट पाहिला पाहिजे. नंतरच्या जम्बोंचे वशिंड लांब आणि पंखांची टोके वर वळलेली होती. ‘सम्राट अशोक’चे वशिंड आखूड, पंखांची टोके सरळ. अनेक जण चुकीच्या फोटोवरून सुरुवात करतात आणि मग सारी मेहनत भलत्याच विमानावर जाते.

पंख जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून कापावेत. ते साडेसदतीस अंशांनी मागे झुकलेले असतात. कंपासपेटीतला कोनमापक एरवी कुठे उपयोगी पडतो? चार इंजिनांसाठी वाळलेल्या स्केचपेनांच्या नळ्या पुरतात. शेजारी त्याच प्रमाणात एक माणूस ठेवा: आठ मिलिमीटर. अकरा मीटरची एस.टी. बस साडेपाच सेंटीमीटर. आकार किती अवाढव्य होता हे आकड्यांपेक्षा त्या बसवरून मुलांना चटकन कळते.

रंगकामात घाई करणाऱ्याचे काम बिघडलेच. गुळगुळीत पाइपवर रंग टिकत नाही, म्हणून आधी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून घासावा. मग पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस. पोटाला चंदेरी. लाल रंग सर्वांत शेवटी, गॅरेजमध्ये गाडी रंगवताना लावतात तो कागदी टेप लावून.

आणि मग खिडक्या. एअर इंडियाने या विमानाची जाहिरात आकाशातला महाल म्हणून केली होती आणि प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी धाटणीचा लाल झरोका रंगवला होता. १९८९ मध्ये हे झरोके काढून नवे रूप दिले, तेव्हा लोकांना ते रुचले नाही आणि थोड्याच वर्षांत झरोके परत आले. दोन खिडक्यांमधले अंतर वीस इंच; आपल्या विमानावर ते अडीच मिलिमीटर होते. म्हणजे दोन सेंटीमीटरच्या पट्टीत आठ झरोके! लहान मुलांनी मोठे चित्र काढून, छोटे करून स्टिकर कागदावर छापून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण ज्यांच्या घरात पाट्या रंगवणारा, जयंतीच्या मिरवणुकीचे देखावे करणारा कोणी काका-मामा असेल, त्यांनी त्याला शून्य नंबरचा ब्रश घेऊन शेजारी बसवावे. डिजिटल बॅनर आल्यापासून हे हात रिकामे राहू लागले आहेत. एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत ‘एअर-इंडिया’ लिहायचे काम तर त्यांचेच.

हे विमान घरात ठेवू नका, असे सांगणारेही भेटतील. कारण १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. २३ जून १९८५ रोजी ‘सम्राट कनिष्क’ही गेले, ३२९ जणांसह. दोन्ही नावे धम्माच्या इतिहासातली. मुलांपासून हे लपवू नये. पण कारणही सांगावे. ‘अशोक’च्या कॅप्टनसमोरचे, विमान किती कलले आहे हे दाखवणारे यंत्र बिघडले होते. समुद्रावर अंधार, क्षितिज दिसत नव्हते. विमान सरळ असताना यंत्र ते उजवीकडे कललेले दाखवत राहिले, म्हणून कॅप्टनने डावीकडे वळवले, आणि विमान त्याच बाजूला उलटत गेले. ‘कनिष्क’मध्ये तर बॉम्ब ठेवला होता. एक बिघडलेले यंत्र, एक खून. यात नावाचा संबंध कुठे येतो?

नाव कॉकपिटच्या खाली, नाकाजवळ लिहायचे असते. तिथली जागा जेमतेम दोन सेंटीमीटर आहे. आधी कागदावर पेन्सिलने दहा वेळा लिहून पाहावे, आणि मगच ब्रश रंगात बुडवावा.