पिशवीत दहा कोटी जंतू

नवजात बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, तेव्हा काही लाख जिवंत जंतू आत जातात. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर वरवरचा असेल, तर याच जंतूंचं औषध नळीवाटे थेट पिशवीत सोडतात. एका वेळी किमान दहा कोटी! पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ते बनवते. कॅनडातले डॉक्टरही तेच वापरतात.

धोका जास्त असलेल्यांना आधी आठवड्याला एक असे ६ डोस, मग तीन वर्षांत तीन-तीनच्या ७ फेऱ्या. एकूण २७ डोस, म्हणजे कमीत कमी २७० कोटी जंतू. अख्ख्या भारताची लोकसंख्या दीडशे कोटींच्या आत आहे. शिवाय पाच वर्षांत दुर्बिणीच्या १४ तपासण्या. रुग्ण मुळशीतल्या पौडचा असेल, तर पुण्याला जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. प्रत्येक वेळी वेगळी खेप पडली, तर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातल्या काही ऐन भातलावणीत.

आता अशा रुग्णाला पूर्वी दुसरा कॅन्सर होऊन गेला असेल तर? हे वाटतं तेवढं विरळा नाही. अमेरिकेतल्या साडेसात लाखांच्या आसपास रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ६५ च्या पुढच्या नव्या कॅन्सररुग्णांपैकी चौथा हिस्सा आधी एकदा कॅन्सरमधून गेलेला निघाला. तंबाखूचा धूर फुप्फुस आणि पिशवी दोन्ही नासवतो, हे एक कारण. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी घेतलेला शेक (रेडिएशन) हे दुसरं; पिशवीला त्याची झळ लागते आणि कित्येक वर्षांनी तिथेच गाठ येऊ शकते. शेकाने आक्रसलेल्या पिशवीत औषध धरून ठेवणंही जड जातं. रक्ताच्या कॅन्सरने प्रतिकारशक्ती खचली असेल, तर जिवंत जंतू सोडणंच धोक्याचं.

पण जुना कॅन्सर म्हणजे आयुष्य घटलंच, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. जुन्या कॅन्सरसाठी नेमाने तपासणीला जाणाऱ्याची गाठ लवकर सापडू शकते. अमेरिकी आकड्यांत गाठ पिशवीतच असताना सापडली तर शंभरातले सुमारे ७० जण पाच वर्षं पार करतात. दूर पसरल्यावर दहाही नाहीत. कुठला कॅन्सर, कधी, काय उपचार, हे पाहिल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही. औषधांच्या कित्येक चाचण्यांत अशा रुग्णांना घेतच नाहीत, हे आणखी वेगळं दुखणं.

लघवीतून एकदाच रक्त गेलं, दुखलंही नाही, म्हणून सोडून देऊ नका. आणि डॉक्टरांकडे जाताना जुन्या आजाराची फाइल, वीस वर्षांपूर्वीची असली तरी, बरोबर न्या.