मिठीचे माहेर डोंगरात

कुर्ल्याच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात आणि खालच्या काळ्या पाण्याला नाला म्हणून मोकळे होतात. ही मिठी नदी आहे, हे २६ जुलै २००५ पर्यंत अनेक मुंबईकरांच्या गावीही नव्हते! त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात भरतीची वेळ. नदी थेट घरांत शिरली.

मिठी जेमतेम १८ किलोमीटर लांबीची. तिचे माहेर मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात. तिथला तुळशी तलाव भरला की पाणी विहारमध्ये उतरते. विहार आणि पवईच्या सांडव्यांवरून वाहिलेले पाणी एकत्र होऊन साकीनाका, कुर्ला, धारावीमार्गे माहीमच्या खाडीला मिळते. डोंगरावरून ते धावत येते. खाली सपाटी, त्यात भरती असली की पुढची वाट बंद. एके काळी अशा पाण्याला पसरायला खाजण होते, तिवरांचे रान होते. त्या जागी वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळापाशी तर बिचारीला धावपट्टीखालून जावे लागते.

पुरानंतर प्राधिकरण नेमले गेले, पात्र रुंद झाले, भिंती बांधल्या गेल्या. गाळ दरवर्षी काढतात. लक्ष मात्र सारे पात्रावरच. डोंगरउताराचा, नदीला मिळणाऱ्या नाल्यांचा विचार तितकासा होत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी विहार तलाव भरून वाहू लागला. दुसऱ्याच दिवशी कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधील रहिवाशांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले.